डीप सायकल बॅटरीला चार्जर कोणता? – समुद्रपूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन

हरभरा घाट्यावर आलेला असताना संध्याकाळची एवढी माणसं इथं बसली आहेत, म्हणजे विषय गरजेचा आहे असं आम्ही समजतो. तुमच्यापैकी निम्म्यांना इथून जागलीलाच जायचं आहे, तेव्हा वेळेत संपवू.

रात्री धुऱ्यावर पोचल्यावर आपण आधी काय ऐकतो? झटका मशीनची टक्‌-टक्‌. ती चालू असली की जीव भांड्यात पडतो. गिरडच्या जंगलाला लागून ज्यांचं वावर आहे त्यांना तर हे सांगायलाच नको. टक्‌-टक्‌ थांबली, आणि त्याच रात्री डुकरांचा कळप किंवा रोह्यांचा जथा शिरला, तर चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत जाते. सकाळी आपण म्हणतो, "मशीन खराब निघाली." मशीन उघडून पाहावी तर ती ठीक असते. मेलेली असते बॅटरी. आणि बॅटरी का मेली याचा शोध घेतला, तर बहुतेक वेळा बोट चार्जरकडे जातं. चार्जर चुकीचा असतो, किंवा चार्जर म्हणावं असं काही नसतंच.

आज आपण एवढंच बघणार आहोत. बॅटरी घेताना आपण चार दुकानं फिरतो, गॅरंटी विचारतो, वजन उचलून बघतो. चार्जर मात्र "बारा व्होल्टचा द्या" एवढं बोलून घेतो. खरं तर बॅटरी किती वर्षं जगणार, हे चार्जरवरच सगळ्यात जास्त ठरतं.

आधी बॅटरीच्या पोटात काय चालतं ते समजून घेऊ. शिसं आणि आम्लाची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनवली. आत तत्त्व आजही तेच आहे. एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या ऑक्साइडची, आणि मध्ये पातळ केलेलं गंधकाम्ल. बारा व्होल्टच्या बॅटरीत असे सहा कप्पे, म्हणजे सेल असतात. बॅटरी वापरली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेटचा थर धरतो आणि आम्ल पाण्यासारखं पातळ होत जातं. चार्ज केली की उलटं घडतं. सल्फेट विरघळतं, आम्ल पुन्हा घट्ट होतं.

आता खरी गोम इथे आहे. ताजं सल्फेट बारीक कणांचं असतं, ते सहज विरघळतं. पण बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत दिवसच्या दिवस राहिली, तर त्या कणांचे मोठे, कडक खडे होतात. आपल्या काळ्या मातीचंच उदाहरण घ्या. वाफसा असताना वखर फिरवला तर माती भुसभुशीत होते. तीच माती वाळू दिली की ढेकळं अशी बनतात की वखर वरून उड्या मारतो. सल्फेटचं तसंच आहे. एकदा ढेकूळ झालं की चार्जर कितीही वेळ लावा, तेवढी प्लेट कायमची गेली. याला सल्फेशन म्हणतात. उपाशी ठेवलेली बॅटरी अशी मरते.

आणि जास्त खाऊ घातलेली? पूर्ण भरल्यावरही करंट जात राहिला तर तो पाण्याचं विघटन करतो, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो. आपण म्हणतो, "बॅटरी उकळतेय." पाणी कमी होतं, प्लेटा उघड्या पडतात, धन प्लेटची जाळी गंजते. सीलबंद बॅटरी असेल तर पाणी घालायची सोयच नाही, ती आतून सुकते आणि तापून फुगते.

म्हणजे चार्जरची कामं दोन. पोटभर द्यायचं, आणि पोट भरल्यावर हात आखडायचा. दोन्ही जमतात तोच चार्जर चांगला.

हे जमवण्यासाठी चांगला चार्जर तीन टप्प्यांत काम करतो. सोयाबीनचं पोतं आपण कसं भरतो ते आठवा. आधी टोपल्यांनी भराभर ओततो. मग पोतं हबकून, वरून ओंजळीने थोडं थोडं घालतो. शेवटी तोंड शिवतो. पहिला टप्पा बल्क. यात चार्जर ठरलेला पूर्ण करंट देतो आणि बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत भरते. दुसरा अॅब्सॉर्प्शन. यात व्होल्टेज १४.४ च्या आसपास स्थिर ठेवतात, करंट आपोआप कमी होत जातो आणि उरलेले २० टक्के भरतात. तिसरा फ्लोट. व्होल्टेज १३.५ ते १३.८ वर उतरवतात. एवढ्यात बॅटरी भरलेली राहते आणि उकळत नाही.

लक्षात घ्या, दुसऱ्या टप्प्याला तासन्‌तास लागतात. पहिले ८० टक्के लवकर होतात, शेवटचे २० रेंगाळतात. आपण बहुतेक वेळा तिथेच घाई करतो आणि बॅटरी काढून घेतो. सल्फेटची ढेकळं याच शेवटच्या २० टक्क्यांत साठतात.

आता दुकानात गेल्यावर काय विचारायचं ते बघू. प्रश्न चार आहेत.

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा, माझी बॅटरी कोणत्या जातीची आहे? वर झाकणं असून पाणी घालता येतं, ती ओली बॅटरी. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर याच जातीची. तिला १४.४ ते १४.८ व्होल्टपर्यंत चालतं. दुसरी सीलबंद, जिला दुकानदार एसएमएफ म्हणतात. तिला साधारण १४.४ ते १४.७. तिसरी जेल. ती नाजूक, तिला १४.१ ते १४.४ च्या वर नेऊ नये. बऱ्याच सीलबंद बॅटऱ्यांच्या अंगावरच "सायकल यूज" आणि "स्टँडबाय यूज" असे दोन व्होल्टेज छापलेले असतात, सोबत जास्तीत जास्त करंटही दिलेला असतो. रोज वापरून रोज भरायची असेल तर सायकल यूजचा आकडा बघायचा. नुसती भरून ठेवायची असेल तर स्टँडबायचा. आमचे आकडे आणि बॅटरीवरचे आकडे जुळले नाहीत तर बॅटरीवरचे खरे धरा.

काही चार्जरांवर "इक्वलाइज" असं बटण असतं. ते व्होल्टेज पंधराच्या वर नेऊन ओल्या बॅटरीतलं खाली बसलेलं घट्ट आम्ल ढवळतं. ओल्या बॅटरीला कंपनीने सांगितलं असेल तेव्हा ते अधूनमधून चालतं. सीलबंद आणि जेल बॅटरीला ते बटण कधीही लावायचं नाही.

दुसरा प्रश्न, किती अँपिअरचा चार्जर? साधा हिशेब आहे. बॅटरीवर जेवढे एएच लिहिलेत त्याचा दहावा भाग. २६ एएचला सुमारे अडीच अँपिअर, १५० एएचला १५ अँपिअर. काही सीलबंद बॅटऱ्या याच्या दुप्पटही सहन करतात, पण दहावा भाग कुणालाच बाधत नाही. "मोठा चार्जर, लवकर काम" या हिशेबाने २६ एएचच्या बॅटरीला २० अँपिअरचा चार्जर लावाल तर ती तापेल आणि प्लेटांवरचा मसाला झडेल.

उलट बाजूही बघा. १५० एएचच्या बॅटरीतून रात्री ७५ एएच वापरले. परत भरताना थोडं जास्त द्यावं लागतं, पंधरा टक्के धरा. म्हणजे ८६ एएच झाले. चार्जर ५ अँपिअरचा असेल तर सतरा तास हवेत. लाईन दहा तासच राहिली तर बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहणार. तीन-चार महिन्यांत तुम्ही म्हणणार, "कंपनीने फसवलं." तिथेच १५ अँपिअरचा चार्जर असता तर पहिला टप्पा आणि शेवटचं रेंगाळणं धरून आठ-नऊ तासांत काम झालं असतं.

तिसरा प्रश्न, हा चार्जर स्वतःहून टप्पा बदलतो का? जुन्या पद्धतीचे ट्रान्सफॉर्मरचे जड चार्जर असतात, त्यांना थांबणं माहीत नसतं. शिवाय गावातलं व्होल्टेज वरखाली झालं की त्यांचं आउटपुटही वरखाली होतं. खोक्यावर "ऑटोमॅटिक" लिहिलेलं असलं तरी घरी येऊन मल्टिमीटरने खात्री करा. चार्जर लावा आणि बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघत राहा. ते हळूहळू चढून १४.४ च्या आसपास थांबलं पाहिजे, काही तासांनी १३.५ ते १३.८ वर उतरलं पाहिजे. १५ च्या पुढे जाऊन तिथेच राहिलं तर तो बॅटरी उकळणार. १३.५ च्या वर कधी चढलंच नाही तर तो बॅटरी उपाशी ठेवणार. मल्टिमीटरला फार पैसे लागत नाहीत. गावात चार जणांत मिळून एक घेतला तरी पुरे.

चौथा प्रश्न, उन्हाळ्याचं काय? वर आम्ही सांगितलेले आकडे २५ अंश तापमानाचे आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तापलेल्या बॅटरीला कमी व्होल्टेज लागतं. दर अंशाला साधारण २४ मिलिव्होल्ट, म्हणजे २० अंश जास्त असतील तर जवळजवळ अर्धा व्होल्ट कमी. १४.४ च्या जागी १३.९. थंडीत दहा अंशांना उलट १४.७ पर्यंत हवं. चांगल्या चार्जरमध्ये आणि सोलर कंट्रोलरमध्ये ही सोय असते. तिला टेंपरेचर कॉम्पेन्सेशन म्हणतात, दुकानात हाच शब्द वापरा. आणि ती सोय असो वा नसो, बॅटरी उन्हात ठेवू नका. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य सुमारे निम्मं होतं. पॅनेलच्याच सावलीत, खाली लाकडी फळी टाकून ठेवली तर पुष्कळ फरक पडतो. पत्र्याच्या पेटीत असेल तर वरच्या बाजूला भोकं हवीत, कारण चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हलका असतो, वरच साठतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीने भडकतो. झाकण उघडताना बिडी बाजूला ठेवा.

आता झटका मशीनकडे येऊ. वावरात चार्जर म्हणजे सोलर पॅनेल आणि त्याचा कंट्रोलर.

एक हिशेब मांडू. समजा मशीन सरासरी ०.३ अँपिअर घेते. तुमच्या मशीनचा आकडा तिच्या पाटीवर बघा, इथे आपण उदाहरण घेतोय. रात्रीचे तेरा तास चालली तर ४ एएच गेले. परत भरायला ५ एएच धरू. हिवाळ्यात आपल्याकडे स्वच्छ उन्हाचे पाच तास पूर्ण ताकदीचे मिळतात असं माना. ४० वॅटचं पॅनेल दुपारी सव्वादोन अँपिअर देतं, म्हणजे दिवसाला ११, धूळ आणि गळती वजा जाता ९ एएच. छान पुरतं. २० वॅटचं पॅनेल घेतलं तर साडेचार. कागदावर जवळपास जमतं, पण दोन दिवस ढग आले की खड्डा पडतो आणि तो परत कधी भरत नाही. १० वॅटचं घेतलं तर रोज अडीच-तीन एएचची तूट. नवी २६ एएचची बॅटरी आठ-दहा दिवसांत तळाला.

आणि हेच नेहमी घडतं. पहिला आठवडा मशीन छान चालते, म्हणून पॅनेल ठीक आहे असं वाटतं. खरं तर तो आठवडा आपण दुकानातून भरून आणलेल्या चार्जवर काढलेला असतो.

वरच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट जुळली आहे. ४० वॅटच्या पॅनेलचे सव्वादोन अँपिअर हे २६ एएचच्या दहाव्या भागाच्या आतच आहेत. आणि ढगाळ हवेत, अर्धीच बॅटरी वापरायची असं ठरवलं तरी १३ एएच, म्हणजे तीन रात्री निघतात. पावसाळ्यात सोयाबीनला मशीन चालवायची तर पॅनेल याहून मोठं घ्या.

कंट्रोलर मात्र हवाच. काही जण पॅनेलच्या तारा सरळ बॅटरीला जोडतात. "बारा व्होल्टचं पॅनेल" म्हणतात खरं, पण बॅटरीशिवाय मोजलं तर ते २१-२२ व्होल्ट दाखवतं. कंट्रोलर नसेल तर भर उन्हात बॅटरी उकळत राहते. जोडायचा क्रमही पाळा. आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. एवढ्या लहान कामाला साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर पुरतो, महागाचा एमपीपीटी लागत नाही.

इथे थांबून एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. बॅटरी मेली, पीक उभं आहे, रात्र झाली आहे, अशा वेळी माणसाच्या मनात येतं की आजच्या दिवस तारेत लाईन सोडावी. मंडळी, तारेत लाईन सोडून विदर्भात माणसंही मेली आहेत आणि वाघही मेले आहेत. झटका मशीनचा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा छोटा असतो, मग सुमारे सेकंदभर तार शांत असते. तेवढ्यात जनावर किंवा माणूस सुटतो. घरच्या लाईनचे २३० व्होल्ट सोडत नाहीत. स्नायू आखडतात, हात तारेलाच चिकटतो. तो हात डुकराचा असेल, शेजारच्या जागल्याचा असेल, आपल्याच पोराचा असेल. तो गुन्हा तर आहेच. म्हणून बॅटरी वेळेवर मरू न देणं हा नुसता पैशाचा प्रश्न नाही.

याच कारणाने आणखी एक नियम. बॅटरी लाईनवरच्या चार्जरने भरायची असेल तर आधी ती झटका मशीनपासून सोडवा, घरी आणा, मग चार्जर लावा. मशीन तारेला जोडलेली असताना त्याच बॅटरीला चार्जर लावला आणि चार्जरचं आतलं इन्सुलेशन खराब असलं, तर घरची लाईन तारेपर्यंत पोचू शकते.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

मागून एक काका विचारताहेत, "ट्रॅक्टरची जुनी बॅटरी लावली तर?" काकाजी, चालेल, पण थोडे दिवस. ट्रॅक्टरची बॅटरी सेल्फ मारायला बनवलेली असते. काही सेकंद भरपूर करंट द्यायचा, लगेच परत भरून घ्यायची, म्हणून तिच्या प्लेटा पातळ आणि जास्त. रात्रभर हळूहळू खाली होणं तिला सोसत नाही. डीप सायकल बॅटरीच्या प्लेटा जाड असतात, ट्युब्युलरमध्ये तर मसाला नळ्यांमध्ये भरलेला असतो, तो लवकर झडत नाही. तरीही तिलासुद्धा रोज अर्ध्याच्या खाली नेऊ नये.

दुसरा प्रश्न, "अर्धी झाली हे कळणार कसं?" मशीन आणि पॅनेल सोडवून बॅटरी चार-पाच तास निवांत ठेवा, मग मोजा. १२.६ ते १२.७ असेल तर भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. ११.८ म्हणजे रिकामी, आजच्या आज भरा. चार्जर काढल्या काढल्या मोजाल तर आकडा उगाच मोठा दिसेल, त्यावर विश्वास ठेवू नका.

एका ताईंनी विचारलं आहे, "फवारणी पंपाची बॅटरी दर वर्षी का जाते?" ताई, हंगाम संपला की पंप आहे तसा माळ्यावर जातो, बॅटरी अर्धी असते आणि सहा महिने तशीच राहते. तोवर आत ढेकळं तयार. ठेवताना पूर्ण भरून ठेवा, दर दोन महिन्यांनी एकदा भरा. आणि पंपासोबत आलेलाच चार्जर वापरा. काही नव्या पंपांत लिथियम बॅटरी असते, तिचा चार्जर वेगळा. एकाचा दुसऱ्याला लावू नका.

शेवटचा प्रश्न पाण्याचा. ओल्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं नको, त्यातले क्षार प्लेटा खातात. आम्ल तर कधीच वरून घालू नका, कारण उडून जातं ते पाणी, आम्ल आतच राहतं. पाणी चार्जिंग झाल्यावर घाला. आधी घातलं तर फुगून बाहेर येतं. फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच घाला. आणि पाणी लवकर लवकर संपत असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी चार्जरचं व्होल्टेज मोजा.

निघताना एवढं करा. घरी जाऊन बॅटरीवरचे एएच, तिची जात आणि छापलेलं व्होल्टेज एका कागदावर लिहून खिशात ठेवा. पुढच्या वेळी हिंगणघाटला किंवा वर्ध्याला दुकानात जाल तेव्हा तो कागद काउंटरवर ठेवा आणि म्हणा, "हिला जुळेल असा द्या." आणि आज जागलीला निघालात की धुऱ्यावर पोचल्यावर आधी टक्‌-टक्‌ ऐका, मगच घोंगडं पांघरा.